सुरुंगराव आणि लाल मुंग्या

जन्मभर खाणीत दगड उडवलेला माणूस तो. लोक त्यांना तोंडावरच सुरुंगराव म्हणत. कानाला दडे बसलेले, त्यामुळं निम्मं ऐकूच जात नसे. काम सुटल्यावर त्यांनी घरापुढं हातरुमालाएवढी हिरवळ लावली, आणि तिच्यात लाल मुंग्या निघाल्या.

लेकीनं तान्ह्याला तिथं रांगायला सोडलं. पोर किंचाळलं. मांड्या फोडांनी भरल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. दवाखान्यात सुई टोचल्यावर निभावलं. जाताना लेक म्हणाली, "बाबा, इथं एकतर मुंग्या राहतील, नाहीतर आम्ही येऊ."

झालं! सुरुंगरावांनी वारुळात पहार घातली, आतडी काढावीत तशी माती उपसली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. हजारो मुंग्या शिजल्या. उरलेल्या लेंग्यात शिरल्या. भर दुपारी लेंगा भिरकावून ते जे नाचले, ते समोरच्या शिंपीणबाईंनी पोटभर पाहिलं आणि गल्लीभर वाटलं. एका वारुळाची तीन वारुळं झाली. मग रॉकेल ओतून काडी लावली. गवत जळालं, भुवया जळाल्या, अर्धं कुंपण गेलं. मुंग्या मात्र कडेनं पुन्हा वर आल्या.

शेवटी बायकोनं विषाचे दाणे आणले. "अहो, राणी जिवंत आहे तोवर तुम्ही नुसते शिपाई मारताय. हे विखरा. खाऊ समजून त्याच तिच्यापर्यंत नेतील."

मुंग्या दाणे ओढत निघाल्या. सुरुंगरावांना पाहवेना. शत्रू चक्क जेवतोय! वात लावली की धडाका व्हायला हवा, एवढंच त्यांना ठाऊक. सकाळी पातेलंभर आधण ओतलंच. दाणे नेणाऱ्याच मेल्या.

"राणी तुमची कोण लागते हो?" बायकोनं विचारलं. "नाही, विषाचा घास तिच्या तोंडातून काढून घेतलात, म्हणून विचारते."

दुसऱ्या खेपेला दाणे पडले, तरी हात पहारीकडं गेलाच. बायको आडवी आली. कानाशी ओरडून म्हणाली, "वात जळूनही सुरुंग उडाला नाही, तर लगेच बघायला जायचात?"

ते थबकले. त्यांचा जोडीदार एकदा असाच गेला होता. त्याचा जबडा त्यांनी स्वतःच्या हातांनी खडीतून वेचला होता.

पहार खाली ठेवून ते ओट्यावर बसले. रोज बसले. दात खात, सुजलेली पावलं खाजवत, कुणी दिसेल त्याला शिव्या घालत बसले. पण उठले नाहीत.

काही आठवड्यांनी लेक आली. बाळ कडेवरच. चप्पल काढून तिनं अनवाणी पाय वारुळात घोट्यापर्यंत खुपसला. सुरुंगराव ओरडत धावले. माती नुसतीच ढासळली. बापाकडं रोखून बघत तिनं पाय तसाच ठेवला.

"आणि पुन्हा आल्या तर?"

"पुन्हा जेवायला घालीन," सुरुंगराव म्हणाले.

तिनं बाळाला खाली सोडलं.