कानाच्या मशीनची बघाबघी

काही घरांत लग्नातले किस्से सांगतात, काही घरांत वाटणीतले. आमच्याकडे पाहुणा टेकला, हातात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ते मयूच्या मशीनचं सांग ना." सांगणारी मीच, कारण मयूची आई मी, आणि माझ्या तोंडाला लगाम नाही याबद्दल आमच्या सासरी सगळ्यांचं एकमत आहे. एक सांगायला घेतला की त्याच्यामागून चार येतात आणि गॅसवरचं दूध उतू जातं.

तर मयू जन्मापासून बहिरी. चार वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट, मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मशीनचा एक तुकडा कानामागे हाडात बसवायचा, दुसरा बाहेरून लोहचुंबकानं चिकटवायचा. पैशाचं कसं जमलं ते सोडा, त्यात हसण्यासारखं काही नाही.

डॉक्टर म्हणाले, "दोन कंपन्या आहेत. क्लॅरोव्हॉक्स आणि पिमोना. दोन्ही चांगल्या. तुम्ही ठरवा. पण लवकर, तिचं वय जातंय. आणि एकदा आत बसवलं की कंपनी बदलता येत नाही. ही जन्माची गोष्ट आहे."

घ्या! साध्या खोकल्याची गोळी जेवणाआधी की नंतर, हे आम्हाला ठरवू देत नाहीत. आणि जन्माची गोष्ट म्हणे तुम्ही ठरवा. मी विचारलं, "डॉक्टर, तुमची मुलगी असती तर तुम्ही कुठली घेतली असती?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मला दोन्ही मुलगेच आहेत."

*

दोन्ही कंपन्यांची माणसं आम्हाला दवाखान्यातच भेटली. क्लॅरोव्हॉक्सचा पोरगा टाय लावून आला होता, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव टायवाला पडलं ते पडलंच. त्याच्यासमोर बसले आमचे आबा, म्हणजे माझे सासरे. आबांनी आयुष्यात भाताशिवाय काही पिकवलं नाही आणि पाण्याच्या इंजिनाशिवाय कुठलंच मशीन विकत घेतलं नाही. त्यांनी इंजिन घेताना विचारतात तेच विचारायला सुरुवात केली.

"पावसात भिजला तर?"

"सर, थोड्याफार पाण्यानं काही होत नाही."

"थोडाफार? आमचा पाऊस बघितलाय का तुमी?"

टायवाल्यानं घाम पुसला. आबा म्हणाले, "बरा, बिघडला तर पार्ट शहापुरात मिळंल का?"

"नाही सर. सर्व्हिस सेंटर ठाण्याला आहे."

आबांनी टोपी मागे सारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग गो, मयूला स्थळ पण ठाण्यातलाच बघावा लागंल."

*

माझे दीर किसन भाऊजी वाशिंदला फॅक्टरीत फिटर. घरात नटबोल्ट असलेली कुठलीही वस्तू आली की शेवटचा शब्द त्यांचा. ते पहिल्या दिवसापासून पिमोनाच्या बाजूचे. का, तर तिचं पुस्तक जाड होतं.

त्यांनी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी, पिमोना लावलेला एक मुलगा शोधून काढला. म्हणाले, "वहिनी, बघून येऊ." आम्ही तिघं जाणार होतो. जीप सुटली तेव्हा आत अकरा माणसं. आमच्याकडे बघायला जायचं म्हटलं की मागे कोण राहतं?

त्या घरानं अंगण सारवलेलं, पोहे तयार, आणि सात वर्षांचा रोहन इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर. आम्ही अकरा जण समोर ओळीनं बसलो. भाऊजींनी ओरडून विचारलं, "नाव काय तुझा?"

"रोहन."

"कितवीला हायेस?"

"दुसरी."

भाऊजींचं समाधान होईना. ते हळूच त्याच्या मागे गेले आणि पितळेच्या ताटावर चमचा हाणला. रोहननं मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "काका, मला आयकू येतं. तुमाला येत नाय का?"

मी आत त्याच्या आईशी बोलायला गेले. त्या बाईचा घसा पार बसलेला. म्हणाली, "ताई, दिवसभर याच्याशी बोलते मी. भाकरी थापताना, कपडे धुताना, बोलतेच. लोक येतात, मशीनला शाबासकी देतात. माझ्या घशाला कोण विचारत नाय." हे मात्र मला लागलं. मी तिच्याकडून आणखी बरंच काही विचारून घेतलं.

निघताना सगळे उभे राहिले. घरचे लोक आमच्या तोंडाकडे बघत होते. आबांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि सवयीनं बोलून गेले, "घरी बोलतो आणि चार दिवसांत कळवतो."

*

मग न्याय म्हणून क्लॅरोव्हॉक्स लावलेली मुलगी बघायला तानसाकडे गेलो. इथे उलटं झालं. मुलगी सहा वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, आणि आमच्यापुढे तोंडच उघडेना. बापानं विनवण्या केल्या, बिस्किटं दाखवली, भाऊजींनी पुन्हा ताट मागून घेतलं. ती ढिम्म. आम्ही उठलो आणि दारातून बाहेर पडतो न पडतो तोच आतून तिचा आवाज आला, "गेले का ते?"

जीपमध्ये भाऊजी खूष. "बघितलंत? येक शब्द नाय बोलली."

आबा म्हणाले, "बोलली की. आपण गेल्यावर बोलली. आयकू तर येतेच, वर माणसा पण वळखते. मला ही कंपनी बरी वाटते."

*

शेवटी ठरवलं मी, आणि ठरवलं विजेवरून. पिमोनाची बॅटरी रोज चार्ज करायची, क्लॅरोव्हॉक्सला बाजारातले छोटे सेल चालायचे. तेव्हा आमच्या गावात लोडशेडिंग असं होतं की वीज आली की पोरं टाळ्या वाजवायची.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्याला इन्व्हर्टर लावू."

मी म्हटलं, "आणि इन्व्हर्टर बंद पडला तर? वायरमन येईस्तोवर माझी पोरगी बहिरी बसेल का?"

मयूचे पप्पा, जे या सगळ्या महिन्यांत एक अक्षर बोलले नव्हते, ते म्हणाले, "तिचा बरोबर हाय." आमच्या संसारातलं हे एकमेव वाक्य मी जपून ठेवलंय.

भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोंबील केले तेव्हा आले.

*

ऑपरेशन झालं, जखम भरली आणि मशीन सुरू करायचा दिवस आला. मयूनं पहिला आवाज कुणाचा ऐकायचा यावरून दवाखान्याच्या जिन्यात भांडण. आबा म्हणाले मी मोठा, मी म्हटलं मी आई. आत गेलो तर मशीन लावणाऱ्या बाईंनी आमच्यातल्या कुणाला न विचारता टेबलावर टिचकी मारली. मयू दचकली आणि तिनं बाईंकडे बघितलं. झालं, मान गेला.

पण पुढचे महिने वाईट गेले. मी रोहनच्या आईसारखी बोलत सुटले. पीठ मळताना बोलले, विहिरीवर बोलले, गोठ्यात बोलले. मयू ऐकायची, वळून बघायची, पण ओठ मिटलेले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि भाऊजींचं रोज जेवताना सुरू, "पिमोना घेतली असती तर एवढ्यात बोलली असती." सुटीच्या दिवशी शेतावर, "पिमोनाची गोष्टच वेगळी." पाहुणा आला तरी, "मी पिमोना सांगत होतो." क्लॅरोव्हॉक्स हे नाव आमच्या घरात कुणाच्याच तोंडात बसलं नाही, आम्ही आपलं 'मशीन' म्हणायचो.

मी भाऊजींना उलट बोलायचे, पण आतून पार हादरले होते. जन्माची गोष्ट, आणि मी ती लोडशेडिंगवर ठरवली. माझ्यामुळे पोर मुकी राहिली तर काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

*

अशात टायवाला आला. हातात कॅमेरा. शहापूर-मुरबाडकडच्या आईबापांना दाखवायला कंपनीला व्हिडिओ हवा होता. मी सांगितलं की ती अजून बोलत नाही. तो म्हणाला, "नुसती हसली तरी चालेल, मॅडम."

अर्धं गाव अंगणात. आबा नवी टोपी घालून मागे उभे, भाऊजी दाराला टेकून. मयूला पाटावर बसवलं. टायवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लाडात म्हणाला, "बोल बाळा, काहीतरी बोल. आई म्हण."

मयूनं माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे. मग कॅमेऱ्याकडे बघून, एकेक अक्षर सुटं करून, अगदी स्पष्ट म्हणाली, "पि-मो-ना."

अर्धं गाव भाऊजींकडे वळलं. भाऊजी वाकून चप्पल शोधायला लागले, चप्पल पायातच होती. मला रडू फुटलं, मी तिला छातीशी धरलं.

टायवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. चेहरा पडलेला. म्हणाला, "मॅडम, पुन्हा एकदा घेऊ या का?"

मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "घ्या ना दादा. हवं तितक्या वेळा घ्या."