वहिनींनी दिलेला शॉट

वहिनी कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढता त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "जरा तो फ्रिज बंद करता का?" दिल्लीत द्वारकेच्या त्यांच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांना हे फार चमत्कारिक वाटे. फ्रिजची घरघर धड कुठल्याच पट्टीत बसत नाही, ही त्यांची तक्रार. "सुरात घरघरला असता तर चाललं असतं," हे त्या अगदी गंभीरपणे सांगत. आता मी पडले ध्वनिमुद्रणवाली. शूटिंगसाठी कुणाच्या घरी गेले की मीही आधी फ्रिजच बंद करायला लावते, कारण नाहीतर प्रत्येक वाक्यामागे ती घरघर येते. वहिनींकडे पहिल्यांदा गेले आणि फ्रिज आधीच बंद असलेला पाहिला, तेव्हाच आमचं दोघींचं जमणार हे नक्की झालं.

तेव्हा त्यांच्या गवई नवऱ्याला, म्हणजे बुवांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. दिल्लीकर त्यांना पंडितजी म्हणत, मराठी माणसं बुवा म्हणत आणि वहिनी नुसतंच 'हे' म्हणत. बुवांचे शिष्य त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मग शिष्यांची मुलं, खालचा गार्ड, भाजीवाला, सगळ्यांच्याच त्या वहिनी. त्यांच्यात आणि माझ्यात चाळीस वर्षांचं अंतर, पण मीही वहिनीच म्हणू लागले. बत्तीस वर्षं त्या बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसल्या. आणि दिवसा केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी करून, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. मैफल कितीही रंगलेली असो, दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसात हजर. त्यांचा डबा बुवा भरत. "ह्यांची पोळी फार चांगली व्हायची, माझी वातड," असं त्या कुणालाही सांगत.

कलावंत गेल्यावर त्याच्यावर टीव्हीसाठी जी फिल्म निघते, तिचा साचा ठरलेला असतो. अशा वीसेक फिल्मांचा आवाज मी सांभाळला आहे, त्यामुळे डोळे मिटूनही सांगू शकते. आधी हार घातलेला फोटो, त्यापुढे समई. मग गरिबी. मग कीर्ती. मग फिक्या साडीतली पत्नी खिडकीबाहेर बघते, बोलता बोलता थांबते, रडते, आणि मागे बासरी सुरू होते. खाली नाव येतं आणि नावाखाली 'पत्नी'. बाईने आयुष्यभर दुसरं काही केलं असेल, हे त्या पट्टीवर मावत नाही.

आमच्या डायरेक्टरसाहेबांनाही हाच साचा हवा होता. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. वहिनी समोर आल्या त्या मोरपंखी रंगाची, हातभर काठाची साडी नेसून. "आंटीजी, कोई हल्का रंग नहीं है?" त्याने विचारलं. "नहीं है," वहिनी म्हणाल्या. "वो कहते थे, स्टेज पे पीछे बैठती हो तो दिखनी चाहिए."

मग त्याने संघर्षाच्या दिवसांबद्दल विचारलं. वहिनी बुचकळ्यात पडल्या. "संघर्ष कैसा? मेरी सरकारी नौकरी थी, सरकारी क्वार्टर था. मैं दफ्तर जाती थी, वो रियाज़ करते थे." अखेरच्या दिवसाबद्दल त्याने आवाज खाली आणून विचारलं, "ज़रा रुक रुक के बताइए, फील करके." वहिनी म्हणाल्या, "उस दिन सुबह उप्पिट खाया. बोले, नमक कम है. कम नहीं था, बिल्कुल ठीक था." कॅमेरामन हसला. डायरेक्टर हसला नाही.

तंबोरा मांडीवर घेऊन शून्यात बघायचा शॉट तर मी विसरूच शकत नाही. पाच मिनिटांचं काम. वहिनींनी गवसणी काढली, तारा छेडल्या आणि तंबोरा लावायलाच बसल्या. खुंट्या पिळून झाल्या, मणी सरकवून झाले, जवारीचा दोरा कणभर पुढे, कणभर मागे. पाऊण तास. लाइट तापले, युनिटचा चहा दोनदा झाला. शेवटी डायरेक्टर हात जोडून म्हणाला, "आंटीजी, ये म्यूट शॉट है. आवाज़ आएगी ही नहीं." वहिनींनी मान वर न करता उत्तर दिलं, "मुझे तो आएगी ना."

दोन दिवस शूटिंग चाललं, पण त्याला हवं ते रडू काही मिळेना. त्याने थेटच विचारलं तेव्हा त्या तितक्याच थेट नाही म्हणाल्या. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "गाणं लोकांचं होतं, ते त्यांनी न्यावं. रडणं माझं आहे." त्यांची मुलगी शर्वरी त्या दिवशी गुडगावहून सुट्टी काढून आली होती. स्वयंपाकघरात मला चहा देताना ती पुटपुटली, "बाबा गेले तेव्हा पण आई रडली नाही. मी गळ्यात पडून रडत होते, आणि ही मला थोपटत होती, बस. विचित्र आहे यार माझी आई." तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण काहीतरी लागलेलं होतं.

महिनाभराने नोएडाच्या स्टुडिओत आम्ही वहिनींना तयार फिल्म दाखवायला बोलावलं. दाखवायचं म्हणजे नुसता शिष्टाचार. परवानगीच्या कागदावर त्यांची सही पहिल्याच दिवशी घेतलेली होती. द्वारकेहून मेट्रोने एकट्या आल्या. फिल्मचा कळस म्हणजे बुवांची एक जुनी कॅसेट. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात गणपतीत झालेली बैठक कुणा श्रोत्याने टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून टिपली होती. बुवांचं भर उमेदीतलं एवढं एकच गाणं शिल्लक होतं. कॅसेटची खरखर मी जिवापाड मेहनत करून साफ केली होती आणि खाली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तंतोतंत जुळवून भरला होता. मला त्या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

गाणं सुरू झालं आणि वहिनी खुर्चीतून उठल्या.

"हे कोण गातंय?"

मला वाटलं, भावना अनावर झाल्या. मी म्हटलं, "वहिनी, बुवाच."

"हे नाहीत. ह्यांची पट्टी काळी एक. जन्मात ती त्यांनी सोडली नाही. हा माणूस पांढरी दोनला गातोय." दोन पट्ट्यांत फरक अर्ध्या सुराचा. ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना कळणारही नाही. पण त्या पुढे म्हणाल्या, "आणि ताना बघ कशा पळतायत. हे कधी असे धावत सुटले नाहीत गं. श्वास घेऊन, थांबून गायचे. हा कुणीतरी पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा गातोय."

त्याच क्षणी मला माझी चूक कळली. टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले असले की मुद्रण होताना टेप सावकाश फिरते. तीच टेप नंतर चांगल्या मशीनवर लावली की पळते, आणि पळाली की आवाजही चढतो. पट्टी तपासून बघणं हे माझं काम होतं. मी ते केलं नाही आणि वर चुकीच्या पट्टीला तंबोरा जुळवून चुकीवर शिक्कामोर्तब केलं.

मी डायरेक्टरला सांगितलं. त्याने साफ उडवून लावलं. फिल्म लॉक झाली होती, म्हणजे आता बदल बंद, आणि चॅनलला अशीच आवडली होती. आणि एक गोष्ट तो मनापासून बोलला, "ऐसे ही तो जान है इसमें. धीमा करोगी तो लोग चैनल बदल देंगे."

वहिनी ऐकत होत्या. लोकांकडे बुवांचं एवढं एकच गाणं राहणार, आणि ते बुवांचं नसणार, हे त्यांना उमगलं होतं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, बंद झालेली फाइल कशी उघडते हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. शांतपणे म्हणाल्या, "आपको मेरा रोना चाहिए था ना? वो डालना हो तो लॉक खुलेगा?"

डायरेक्टर म्हणाला, "खुल सकता है."

"तो मैं रोती हूँ. आप इनकी आवाज़ ठीक कीजिए."

लगेच कॅमेरामनला बोलावून घेतलं. तिथल्याच एका खोलीत पडदा लावून खिडकी उभी केली. वेशभूषेच्या कपाटातली फिकी साडी आणली, ती वहिनी मुकाट नेसल्या. कॅमेरा सुरू झाला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, 'उस दिन सुबह' एवढं म्हणून थांबल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. दोन दिवस हसणारा कॅमेरामन डोळे पुसत होता. "कट" ऐकताच वहिनींनी पदराने तोंड कोरडं केलं आणि मला म्हणाल्या, "झालं? चल, टेप."

माझ्या शेजारी बसून त्यांनी मला वेग उतरवायला लावला. "अजून. अजून जरासा. आता जास्त झालं, हे झोपले. वर घे." किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मग एके ठिकाणी त्या बोलायच्याच थांबल्या. मी वळून पाहिलं. वहिनी ताठ बसल्या होत्या, नजर जरा खाली, आणि उजव्या हाताची बोटं हवेतच एकामागून एक चार तारा छेडत होती. गाणं संपेपर्यंत ती बोटं हलत राहिली. तशी बैठक मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

परतीच्या मेट्रोत आम्ही बरोबर होतो. मी करोल बागेत राहत असे. मला राहवेना. "वहिनी, बुवांची आठवण काढून कॅमेऱ्यासमोर रडावं लागलं. माझ्यामुळे."

"ह्यांच्या आठवणीने?" त्यांनी माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. "छे! त्यांना मी तिथे आणलंच नाही. एका वर्षी आमच्या अंडर सेक्रेटरीने माझी सी.आर. खराब लिहिली होती. काही कारण नसताना, मेल्याने! तेव्हाचं रडू राहून गेलं होतं. ते दिलं काढून."

सी.आर. म्हणजे साहेबाने वर्षाकाठी लिहायचा गोपनीय अहवाल. त्यावर बढती अडते. मी डब्यातच खो खो हसायला लागले, त्याही हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "शर्वरीला यातलं काही सांगू नकोस हं. तिचं डोकं गरम. त्या डायरेक्टरशी भांडायला जाईल, आणि तो परत पहिली टेप लावून मोकळा होईल." करोल बाग आलं. मी शब्द दिला आणि उतरले.

फिल्म लागली. बुवा काळी एकमध्ये, थांबून, श्वास घेऊन गायले, आणि कुणीही चॅनल बदललं नाही. पण गाजला तो वहिनींचा रडण्याचा शॉट. जाहिरातीत तोच, लोकांच्या फोनांवर तोच. वहिनी कुठेही गेल्या की बायका त्यांचा हात हातात घेत. त्या निमूट घेऊ देत. शर्वरीचा मला एकच मेसेज आला, "आईला टीव्हीवर रडता येतं, हे माहीत नव्हतं." काय उत्तर देणार? मी शब्द दिला होता. पुढची चार वर्षं ती आईकडे यायची, औषधपाणी सगळं बघायची, पण दोघींत काहीतरी आखडलेलं असायचं. वहिनींना ते दिसत होतं. एकदा म्हणाल्या, "चालायचंच. दोन्ही नाही मिळत माणसाला." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा येतो.

मागच्या थंडीत वहिनी गेल्या. तेराव्याला मी द्वारकेला गेले. बाहेरच्या खोलीत कुणी कौतुकाने लॅपटॉपवर तोच शॉट लावला होता. शर्वरी उठून आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पळणारी टेप, लॉक, सौदा, फिकी साडी, अंडर सेक्रेटरी. ज्या भीतीने शब्द घेतला होता ती भीती वहिनींबरोबरच संपली होती, असं मी ठरवून टाकलं.

अंडर सेक्रेटरीपाशी शर्वरीला हसू फुटलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "मग बाबांसाठी ती कधी रडली? तुझ्यासमोर?"

"नाही. टेप बरोबर लागली तेव्हासुद्धा नाही."

बाहेर बासरी सुरू झाली होती.

"म्हणजे कुणाच्याच समोर नाही," शर्वरी म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटत होतं, फक्त माझ्याच समोर नाही."