पिना उचलणारा माणूस

अक्कलकोट रोडवरच्या त्या कारागिराने आमच्या वारलेल्या मुलाचा जुना व्हिडिओ गेम उघडला. कॅसेट बसते त्या खाचेतली एकेक दबलेली पिन तो सुईने उचलत होता, तेही श्वास रोखून. "फुंकर मारू नका काका, गंज धरतो. आन् चालू असताना कॅसेट उपटायची न्हाय."

कॅसेटमध्ये मुलाचा अर्धवट खेळ साठवलेला होता. घरी खेळ चालू असताना पडद्यावरचं चित्र हललं, आणि मी घाईने कॅसेट उपटली. खेळ पुसला गेला. बायकोला सांगितलं, कारागिरानेच घालवला.

ती मला घेऊन दुकानात गेली. "पोराचं तेवढंच उरलं होतं रे मेल्या!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "व्हय मावशी, माझ्याच हातनं गेलं."

ती अजून त्यालाच शिव्या घालते. आज हे तिला वाचून दाखवणार आहे.