आत्याचं ग्रॅनडा

शिरूरला कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते, तेव्हा भावाचा फोन आला. आत्या गेली. झोपेतच. राहूला, आमच्या गावी पोचले तर आत्याचे थोरले भाऊ, आमचे आबा, मला बघताच म्हणाले, "तरी सांगत हुतो, म्हातारीला इमानात घालू नको. परदेस बाधला तिला." त्या दिवशी मी गप्प बसले. आता काही आठवडे उलटलेत, तर सांगते... बाधला नाही.

कामासाठी मला स्पेनला जायचं होतं, मी आत्याला सोबत घेतलं. नवऱ्याचं घर सोडून आलेली, सारी हयात उसाला पाणी देण्यात गेलेली बाई. डॉक्टर जा म्हणाले होते. नको म्हणणारे सगळे घरचेच. "बोधगयेला ने की," म्हणे. आत्या म्हणाली, "तिकडं जाऊन आलेय मी. जितं आपलं कुणी गेलं न्हाई, तितं जायचंय."

ग्रॅनडाच्या टेकडीवर अलहम्ब्रा नावाचा जुना राजवाडा आहे. लोक माना वर करून छताची नक्षी बघत होते, आत्या मात्र खाली, दगडी पाटांतून खेळवलेलं पाणी बघत होती. बागेत एका वळणावर पानं अडकून पाणी बाहेर सांडत होतं. जन्मभर उसाच्या पाटाची दारं धरलेल्या बाईला ते बघवेना. तिनं पदर खोचला, खाली बसली आणि कोपरापर्यंत हात घालून गाळ काढायला लागली. पहारेकरी शिट्टी मारत धावला.

"काय म्हनतोय?"

"पाण्यात हात घालू नका म्हणतोय. सगळ्यांनाच मनाई आहे, आत्या."

"माझ्या आईला गावचा आड शिवू देत नव्हते. आमी हे लई ऐकलंय, सांग त्याला. पानी तुंबलंय, ते मोकळं केल्याबिगर मी उठत न्हाई."

ओशाळायचं सोडून मला तिचा अभिमान वाटला. त्या बिचाऱ्याला यातलं काही कळलं नाही, पण पाणी सरळ वाहायला लागलं तसा तोही हसला. आत्या उठून उभी राहिली, तेवढ्यात मी फोटो काढून घेतला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला आबांनी तिचा आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. ओठ मिटलेले, डोळे घाबरलेले. मी तो बाजूला ठेवला आणि माझा लावला. खोचलेलं लुगडं, पायात माझे स्पोर्ट्स बूट, हातभर चिखल, तोंडभर हसू.

"मेलेल्या मानसाचा असला फोटू लावत्यात व्हय?" आबा तडकले.

"व्हय आबा, लावत्यात. मीच नेलं तिला. ती आज उठून चल म्हनली, तर आजबी नेईन."

हार घालताना आबांनी तो मुद्दाम खाली ओढला, बूट झाकले जातील असा. ते वळल्यावर मी हार वर घेतला. बूट अजून दिसतात.