एका रगताची माणसं

परवा पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये बसले होते. माझ्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झालाय आणि माझी लेक नंदा त्याला आपल्या स्टेम सेल्स देत होती. तिच्या एका हातातून रक्त निघायचं, मशीनमधून फिरायचं, हव्या त्या पेशी तिथे राहायच्या आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत... असे चार-पाच तास.

तेवढ्यात नात्यातल्या एका बाईंचा फोन आला. लेक दिल्या घरची, तिचं कशाला घेता, तिच्या सासरी विचारलं का, असं सगळं. माझं डोकंच फिरलं, कारण याच्या बरोबर उलटं मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलंय...

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव शेवगाव तालुक्यातलं, माझ्या लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. गोठ्यात बैलाने ह्यांच्या मांडीत शिंग घातलं. धोतराने करकचून आवळून ट्रकमधून नगरला नेलं, तोवर ह्यांचे ओठ पांढरे पडले होते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करायचंय, नातेवाइकांनी रक्त द्या. तेव्हा रक्त काचेच्या बाटलीत घ्यायचे. आमच्याबरोबर घरचे पाच पुरुष होते आणि त्या व्हरांड्यात त्यांना काय काय कामं आठवली म्हणून सांगू... एकाला उपास होता, एकाची उसाला पाण्याची दारं धरायची राहिली होती. थोरले दीर चहाला गेले ते गेलेच.

माझं रक्त तपासलं, तर जुळलं. मी उठले, तर ह्यांचे चुलते, तात्या, आडवे आले. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

"बायकूचं रगात नवऱ्याच्या अंगात गेलं म्हंजी दोघं एका रगताची झाली. मंग ही त्याची भैन लागती. आपल्यात आसलं चालत न्हाई."

आत माणूस मरतोय आणि हे बाहेर नाती लावत बसलेत! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोवर मी त्यांच्यासमोर मान वर करून कधी बोलले नव्हते.

"एका रगताचं तर तुमी, तात्या. मंग तुमी द्या."

कुणी जागचं हललं नाही. मी आत गेले, लग्नातल्या चोळीची बाही दंडावरून वर सरकेना, तेव्हा सिस्टरने ती कात्रीने उसवली... ती चोळी मी पुढे कधी शिवली नाही, तशीच ठेवली.

हे वाचले. राखी पौर्णिमेला तात्या घरी जेवायला आले आणि चारचौघांत हसत म्हणाले, आता बांध की ह्याला राखी. मी तव्यापाशी होते, हातातला कालथा फेकून मारावासा वाटला. खरंच वाटला.

ह्यांनी घास ताटात ठेवला. तसे ते फारसं बोलायचे नाहीत.

"तात्या, आज माझ्या अंगात तिचं रगात हाय. तुमचं कुनाचं थेंबभर न्हाई. मंग माझं भाऊबंद कोन, ते तुमीच सांगा."

तात्या हात धुऊन निघून गेले. पुन्हा तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

म्हणजे बघा... बायकोने दिलं तर ती बहीण होते आणि बहिणीने दिलं तर ती परकी! स्वतःला काही द्यायचं नसलं की या लोकांना बरोबर शास्त्र आठवतं. फोनवरच्या बाईंना मी एवढंच विचारलं, नंदाचं नको तर मग तुमच्या घरातलं कोण येतंय? त्यांना लगेच कुकरची शिट्टी ऐकू आली.

मशीन थांबलं. सिस्टर ती छोटीशी लालसर पिशवी जपून घेऊन गेल्या. नगरला त्या दिवशी माझी बाटली ह्यांना चढली नसती तर ही दोघं भावंडं जन्मालाच आली नसती... आज हे असते तर लेकीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला असता.

हाताची पट्टी दाबत नंदाने विचारलं, मघाशी कुणाचा फोन होता गं?

म्हटलं, भाऊबंदांचा.