थकलेले तीन हप्ते

घर घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या अंगात भलताच ताठा होता. जळगावात दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून ठेवलेला, पक्की नोकरी, कुणाचं देणं नाही. कर्ज मला हसत हसत मिळेल, असं मी बायकोला सांगून बसलो होतो.

बँकेतल्या साहेबांनी संगणकात पाहिलं आणि स्कोअर पडलेला आहे म्हणाले. धुळ्यात असताना माझ्या नावावर मोटारसायकलचं कर्ज होतं, त्याचे शेवटचे तीन हप्ते थकीत दिसत होते. ते दंडासकट भरा, बाकी नसल्याचं पत्र आणा आणि जुनी सगळी खाती दाखवा, मग फाइल पुढे जाईल.

ती मोटारसायकल दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नवऱ्याची. आमच्याकडे घरात पहिला पगार सुरू झाला की पगाराची चिठ्ठी सगळ्या घराची होते. दाजींची भडगावला शेती, त्यांना चिठ्ठी कोण देणार? म्हणून कर्ज माझ्या नावावर काढलं. दर महिन्याला अक्का बाजाराच्या दिवशी भडगावच्या शाखेत माझ्या धुळ्याच्या खात्यावर पैसे भरायची आणि तिथून हप्ता आपोआप कापला जायचा. पुढे मी जळगावला आलो, पगाराचं खातं बदललं, मोबाइल नंबर बदलला आणि सगळं विसरलो.

म्हणजे दाजींनी पैसे बुडवले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

चार दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. रिवाजाप्रमाणे अक्काला माहेरी आणायला मीच भडगावला गेलो. येताना एसटीत ती आंब्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती, पोरांची चौकशी करत होती. मी खिडकीबाहेर बघत मनात हप्त्यांचा हिशेब करत होतो. दुसऱ्या दिवशी सगळे आमरस-पोळीला बसलो, आई वाढत होती, आणि तेव्हा मात्र माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. तुमच्या मोटारसायकलपायी माझं घर अडलंय, म्हणालो. पाव्हण्यांना हप्ते झेपत नव्हते तर तेव्हाच सांगायचं, असंही म्हणालो. आई वाढता वाढता थांबली.

अक्काने हातातला घास ताटात ठेवला. "भरी देसूत," एवढंच म्हणाली.

आठवड्याभरात दंडासकट पैसे आले. कुठून आणले, मी विचारलं नाही. पत्र मिळालं. राहता राहिलं धुळ्याचं बंद पडलेलं खातं. त्याचा उतारा घेऊन ते कायमचं मिटवायला मी एका सकाळी धुळ्याला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी उतारा हातात दिला. सही करायच्या आधी सहज नजर टाकली.

रोख जमा, शाखा भडगाव. तीन महिने, तीन वेळा, हप्त्याच्या बरोब्बर आधी. आणि प्रत्येक जमेच्या दुसऱ्या दिवशी एटीएममधून पैसे काढलेले, धुळ्यातल्याच बसस्टँडजवळच्या मशीनमधून. कार्ड माझ्याच खिशात असायचं. मला तो नवा मोबाइल आठवला, जळगावच्या खोलीचं डिपॉझिट आठवलं. दर वेळी पुढच्या पगारात टाकू म्हणालो होतो. शेवटी पगारच नव्या खात्यात येऊ लागला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी सणाच्या पंगतीत मारल्या होत्या. त्या बाई सही कुठे करायची ते दोनदा दाखवत होत्या. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडेही पाहवेना.

तिथल्याच एटीएममधून दंडासकट तेवढे पैसे काढले आणि भडगावची गाडी धरली. अक्का ओट्यावर गहू निवडत होती. मी पैसे आणि उतारा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ती गहू निवडतच राहिली.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "मीच भरेल व्हतात ना."

मग त्या दिवशी बोलली का नाहीस, मी विचारलं.

"आखाजीना सन व्हता, भाऊ. बायको-पोरंसमोर तुले खाले पाहाले कसं लावू?"

एवढ्यात दाजी शेतातून आले, तसं अक्काने पैसे आणि उतारा सुपाखाली सरकवला. मला पाहून खुश झाले. चहा झाला. मग हसत हसत, पण थोडं कडवट, म्हणाले की तुमच्या बहिणीच्या हाती आता पैसे देत नाही, ते तीन हप्ते तिनेच घरात खर्चून टाकले होते, स्वतः कबूल झाली. मी अक्काकडे पाहिलं. तिने सुपावरची नजर न उचलता मान हलवली, नको म्हणून.

ती नको म्हणाली म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगतो. खरं तर मला धीर झाला नाही. कर्ज मंजूर झालं, वास्तुशांतीला दाजी नवा शर्ट घालून आले, घर फिरून फिरून पाहिलं. अक्का त्यांच्या मागून फिरत होती. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.