वहिनीच्या वाटची कोळंबी

कोळंबीचा वास आला की मला कोकणातून आमच्या नागपूरच्या घरात आलेली वहिनी आठवते. दादाने तिच्यासाठी हौसेने स्टेशनवरून कोळंबी आणली, तेव्हा बर्फ केव्हाच वितळला होता, आणि आईच्या घाईपायी वहिनीने ती अर्धकच्चीच वाढली. सकाळी घरभर उलट्या आणि जुलाब. धंतोलीतले डॉक्टर काचेच्या सलाईनच्या बाटल्या टांगत म्हणाले, "समुद्राचे जंतू आहेत, मासळीतून आले." आईने वहिनीकडे बोट दाखवलं, "मग हिलेच काहून काही झालं नाही?" वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्यासाठी झाकून ठेवलेली शेवटची वाटी मीच चाटूनपुसून खाल्ली होती. मी कूस बदलली. त्याच आठवड्यात दादाने तिला कायमचं माहेरी पोचवलं. कोळंबी मला अजूनही आवडते.